खालून न उघडणारी शंकापेटी

मी शंकापेटी बोलतेय. पालघरच्या कॉलेजात, जिन्याखालच्या भिंतीवर मला टांगलंय. मान वर करून बघा, जरा उंचावरच आहे मी.

माझा जन्म १९८३चा. गावोगावची मुलं कॉलेजात येत होती आणि पहिल्याच वर्षी धडाधड नापास होत होती. त्यावर विद्यार्थी साहाय्य समिती नेमली गेली. समितीच्या चार सभा झाल्या, चारही सभांना चहा झाला, आणि शेवटी मी ठरले. मुलांनी आपली अडचण नावासकट लिहून माझ्यात टाकायची आणि समितीचे प्रमुख, मराठीचे कमलाकांत सर, ती सोडवणार. कल्पना चांगलीच होती. घोटाळा झाला तो मला घडवताना.

काम दिलं एडवणच्या दादूला. दादू जन्मभर होड्या बांधत आलेला. सरांनी कागदावर चित्र काढून दिलं होतं, वर फट आणि खाली दार.

"खाली दार नाय ठेवायचं," दादू म्हणाला. "पानी शिरंल."

"अहो, ही भिंतीवर राहणार आहे."

"आज भिंतीवर हाय. उद्याचं कोनी सांगावं? माज्या हातून बुडाला भोक पडायचं नाय."

म्हणून माझं दार वर आलं, तेही हात जेमतेम जाईल एवढं. सांध्यांत कापूस आणि राळ ठासली. मला समुद्रात टाकलंत तर मी गुजरातपर्यंत तरंगत जाईन. पण कॉलेजात तरंगायची वेळ सहसा येत नाही.

पहिल्या शनिवारी सर स्टुलावर चढले, काखेपर्यंत हात घातला आणि अडकले. तेवढ्यात तास सुटला आणि सगळं कॉलेज जिन्यावरून उतरलं. शेवटी आत्माराम शिपायानं खोबरेल तेल आणून सरांची सुटका केली. सरांनी लगेच किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "चिठ्ठ्या काढून माझ्या टेबलावर ठेवत जा," म्हणाले, आणि पुन्हा माझ्याकडे फिरकले नाहीत.

आत्माराम माकुणसारचा. बारीक हाताचा, सांगितलेलं काम चोख करणारा. त्यानं चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या, सरांनी त्या खणात सारल्या. मुलं रोज येऊन माझ्याकडे बघायची आणि खाली मान घालून जायची. मला फार ओशाळं वाटायचं. तसं आत्मारामलाही वाटलं असावं, कारण तो चिठ्ठ्या स्वतःच वाचायला लागला.

एकानं विचारलं होतं, एडवणची एसटी वेळेवर का येत नाही. एकाला पुस्तक उघडलं की झोप यायची, त्याला औषध हवं होतं. पण त्यांत हंसाची चिठ्ठी निघाली.

"पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्रात राहिले. मागणीची लवचिकता कळत नाही. वर्गात तोंड उघडलं की माझ्या बोलण्याला हसतात. ऑक्टोबरला पुन्हा नापास झाले तर आई कॉलेज बंद करून सुक्या मासळीला बसवणार. हंसा, एडवण."

लवचिकतेच्या बाबतीत आत्मारामची मजल रबरापलीकडे नव्हती. पण त्याच्या खिशात आणखी एक चिठ्ठी होती. "अर्थशास्त्रात पहिला आलो. पण वर्षभरात इथं कोणाशी बोललो नाही. अभ्यासात मन लागत नाही." ती झुंबरची. त्याचे वडील नगरकडून तारापूरच्या कारखान्यात आलेले, घर कुंभवलीला.

आत्माराम तडक झुंबरला भेटला. "सरांनी सांगितलंय. ह्या पोरीला शिकवायचं. तुजंच नाव घेतलं त्यांनी."

सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर आत्मारामची नोकरी गेली असती. मी लाकडाची नसते तर तेव्हाच खाकरले असते.

दोघं माझ्याखालच्या बाकावर बसले.

"किंमत उतरली की मागणी किती वाढती, ते बघायचं," झुंबर पुस्तकाला सांगत होता.

"म्हंजे सांजचे बोंबील सस्ते केले की बाया दोन वाटे जास्त नेतात, तसं?"

"व्हय."

"आन मीठ सस्त केलं तरी कोनी मूठभर जास्त खात नाय."

झुंबरनं पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "हे आमाला शिकवायला आठवडा लागला."

"एवढंच होय? हे तं आई रोज बाजारात करते."

मग आत्मारामला चटकच लागली. एकाची अडचण काढायची आणि ती ज्याला सुटते त्याच्या गळ्यात सरांच्या नावानं घालायची. समितीच्या पुढच्याच सभेत सरांच्या योजनेचं कौतुक झालं. सरांनीही ते नम्रपणे, काहीच न कळता, स्वीकारलं.

ऑक्टोबरला हंसा बावन्न गुणांनी सुटली. ती थेट सरांच्या खोलीत गेली, सुक्या बोंबलांची जुडी घेऊन. "तुमी झुंबरला सांगितलं म्हनून मी वाचले, सर."

"मी?" सर म्हणाले. खोलीभर बोंबलांचा वास पसरला आणि आत्मारामला बोलावणं गेलं. ती खोली माझ्यासमोरच, त्यामुळे सगळं ऐकलं मी. दादूनं माझ्यात पाणी शिरू दिलं नाही, पण त्या दिवशी माझा धीर पार गळाला.

"माझं नाव वापरलंस?"

"वापरलं, सर. माजं सांगितलं असतं तं कोन बसलं असतं शिकवायला?"

सरांनी खण उघडला. जूनच्या चिठ्ठ्या तशाच घडी घातलेल्या होत्या. त्यांनी वरची एक उलगडून वाचली.

"तू किती शिकलायस, आत्माराम?"

"जुन्या अकरावीला गणितात उडालो. परत बसलो नाय."

"का?"

"विचारायला कोनी नवतं."

सोमवारी माझ्यात सरांच्या अक्षरातली चिठ्ठी पडली. "शनिवारी दुपारी मला वेळ आहे. माझ्याकडे कोणाला पाठवाल?" आत्मारामनं ती स्टुलावर उभ्या उभ्या दोनदा वाचली आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. विषय, गणित. सरांना गणित येत नव्हतं, हे त्यांना शनिवारी आठवलं. मग झुंबरनं दोघांनाही शिकवलं. सरांची उदाहरणं जास्त चुकायची. आत्माराम दहावीच्या गणितात पहिल्या खेपेला उडाला, दुसऱ्या खेपेला एकेचाळीस गुणांनी सुटला. त्या दिवशी माझा ऊर भरून आला, उगाच कशाला लपवू.

आता १९९७ चालू आहे. ऑफिसशेजारी नवी फायबरची पेटी आलीय, खाली दार असलेली. तिची किल्ली कपाटात असते आणि कपाट बंद असतं. मलाही काढायला आले होते, पण दादूचे खिळे कोणाला निघेनात.

आत्माराम गेल्या महिन्यात निवृत्त झाला. जाताना शेवटची चिठ्ठी त्यानंच टाकली. "किल्ली कोणाकडे देऊ?" एवढंच लिहिलंय. ती अजून माझ्या पोटात आहे, आणि किल्ली माकुणसारला त्याच्या घरी आहे. तुमच्यापैकी कोणीतरी तिकडे जाऊन या.