एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

काकांनी पुतणीची वही उचलली ती थेट मधूनच उघडली. बाकीची पानं त्यांना बघायचीच नव्हती. बोट सरसर खाली आलं आणि १०४७२९ वर थांबलं. पुढे टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मूळ संख्या’.

म्हणजे ही पण त्यातलीच! गेली बापाच्या वळणावर.

काकांचं अवयवांचं कोष्टक छापून तीस वर्षं झाली होती. कुठल्या संख्येला कशाकशाने भाग जातो, हे त्यात ओळीने दिलेलं. असली कोष्टकं करणारा माणूस एक खोटी नोंद मुद्दाम पेरून ठेवतो. नक्कल करणारा ती डोळे झाकून उतरवतो आणि आयता सापडतो. काकांनी २२०७ ला ४७ ने गुणलं होतं आणि आलेल्या या आकड्यापुढे बेधडक ‘मूळ संख्या’ ठोकून दिलं होतं, म्हणजे हिला कशानेच भाग जात नाही. पेरलेली नोंद कुठली, हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. धाकटा भाऊ स्वतःचं कोष्टक करायला निघाला, तो याच नोंदीवर सापडला. चोर म्हणून त्याला घराबाहेर काढला, तेव्हापासून बोलणं बंद. आणि आज त्याचीच लेक नव्या आवृत्तीचं काम मागायला आली होती.

“कुठून उतरवलंस हे?”

“उतरवलं नाही, काका. भागून बघितलंय.”

“तुझा बापही हेच म्हणत होता.”

ती लालबुंद झाली. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून तिने पुढ्यात आपटला.

“दोनपासून तीनशे सतरापर्यंत सगळ्या मूळ संख्यांनी भागलंय, त्यापुढे बघायची गरजच नाही. सहासष्ट भागाकार आहेत, मोजून घ्या. एक जरी गाळला तरी बाबा पहिल्यापासून करायला लावतात.”

“सत्तेचाळीसने भागल्यावर काय आलं?”

“बाकी तेरा.”

काकांना हसूच आलं. काय धीट पोरगी आहे, बाकीसुद्धा रचून सांगते!

“थांब, तुझ्यादेखतच खोटं पाडतो.”

पेन्सिल ओढून त्यांनी २२०७ ने भागायला घेतलं. सत्तेचाळीसचा भाग गेला. खाली उरले एक हजार. बरोबर एक हजार.

त्यांनी पुन्हा भागलं. मग जुना गुणाकारच नव्याने मांडला. शतकांच्या बेरजेत सात आले. हातचा काही नव्हताच. तीस वर्षांपूर्वी त्यांनी तो उगाच धरला होता. खोटी म्हणून पेरलेली नोंद खरीच होती.

“माझं काही चुकलंय का?” तिने हळूच विचारलं.

“तुझं नाही.” काकांनी पेन्सिल खाली ठेवली. “बाबा आता घरी असतील ना?”

“असतील. पण तुमच्याशी बोलायचे नाहीत ते. कुठली नोंद चोरली, एवढं तरी दादाने सांगायला हवं होतं, असं अजून म्हणतात.”

“चल,” काका टेबलाला धरून उठले. “आज सांगतो.”