न चुकणारा वर्ग

मोरेश्वर सरांच्या कॉम्प्युटरच्या वर्गात सगळं होतं, फक्त कॉम्प्युटर नव्हता. साल शहाऐंशी. नागपूरजवळच्या सौंसर गावातल्या मुलींच्या शाळेत फळा होता, खडू होता, अकरावीच्या डझनभर मुली होत्या. आणि नागपूरच्या उन्हाळी शिबिरात बेसिक नावाची यंत्राची भाषा शिकून आलेले गणिताचे मोरेश्वर सर होते. शिबिरातून परतल्यापासून त्यांचे पाय काही जमिनीला टेकले नव्हते. हेडमास्तरांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग शनिवारचा शेवटचा तास देऊन टाकला. जिथे रोज दुपारी वीज जाते तिथे कॉम्प्युटर शिकवायला निघालेला माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर फार आशावादी. सर दोन्ही होते.

त्यांची सगळी भिस्त होती वसंतवर. वसंत हा मोहगावचा बालमित्र, एका बाकावर बसून पाढे म्हटलेला. तो नागपूरच्या एका मोठ्या कचेरीत कामाला होता आणि त्या कचेरीत नुकताच, काचेच्या थंडगार खोलीत, कॉम्प्युटर बसवला होता. पोरींनी कागदावर लिहिलेले प्रोग्राम तिथे चालवून देशील का, असं सरांनी विचारलं तेव्हा वसंत क्षणाचाही विचार न करता हो म्हणाला. मग रीतच पडून गेली. शनिवारी मुली प्रोग्राम लिहायच्या, सर ते पाकिटात घालून नागपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ द्यायचे, आणि पुढच्या शनिवारच्या आत प्रोग्रामला टाचून उत्तरं यायची. उत्तरांचा कागदही कसा, लांबलचक, हिरव्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं पाडलेला. मुली ती भोकांची पट्टी अलगद फाडून पुस्तकात खूण म्हणून ठेवायच्या.

यंत्राला काही म्हणजे काही समजत नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लिहाल तेवढंच ते करतं, एक ओळ विसरलात तर तुमची कीव करत नाही. मुली घाबरून गेल्या होत्या. पण वर्ष सरत आलं तरी एकही चूक परत आली नाही. सर शिक्षकांच्या खोलीत छाती फुगवून सांगायचे की नागपूरच्या कॉलेजातली पोरंही इतकी बिनचूक लिहीत नाहीत. बाकीचे शिक्षक चहा पिता पिता माना डोलवायचे. प्रोग्राम स्वतः तपासायची सवय सरांनी केव्हाच सोडली होती. यंत्र तपासत होतं ना!

या न चुकणाऱ्या वर्गात सर्वांत पुढे होती अलका. रामाकोना गावच्या भैय्याजींची ही मुलगी रोज बसने शाळेत यायची. भैय्याजींच्या संत्र्यांच्या बागा होत्या आणि बारावी झाली की मुलीचे हात पिवळे करायचे हे त्यांच्या मनात पक्कं होतं. पाहुणे येऊनही गेले होते. तिला नागपूरला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला पाठवा म्हणून सर दोनदा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले, तेव्हा भैय्याजींनी चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्या वेळी सर हिरव्या पट्ट्यांचे कागद घेऊन गेले. भैय्याजींनी ते चष्मा लावून, उलटसुलट करून पाहिले.

"मास्तर पोरीचं मन राखाले खोटं बोलू शकते," ते म्हणाले. "पण मशीन काऊन बोलन?"

पाहुण्यांना त्यांनी निरोप धाडला की पोरगी आधी शिकणार आहे. तेव्हापासून पाकिटाबरोबर अधूनमधून संत्र्यांची एक करंडीही बसने नागपूरला जाऊ लागली. वर गोणपाट शिवलेली, नागपूरच्या कॉम्प्युटरवाल्या साहेबांसाठी.

फेब्रुवारीत सरांनी एक गणित घातलं. तिकोनी बाग आहे, पहिल्या ओळीत संत्र्याचं एक झाड, दुसरीत दोन, अशा शंभर ओळी, तर एकूण झाडं किती? सोमवारी शाळा भरायच्या आधीच अलका शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"सर, माहा प्रोग्राम थांबवा," ती म्हणाली. "पुढच्या ओळीवर जा म्हणून लिहाचंच राहिलं. मशीन पहिल्याच झाडापाशी फिरत राहीन."

पाकीट तर शनिवारीच गेलं होतं. लाखो रुपयांचं यंत्र, त्यात ही न संपणारी फेरी, आणि नोकरी जायची ती बिचाऱ्या वसंतची. त्यांनी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला, तो लागला नाही. आठवडाभर गुरू आणि शिष्या दोघंही जेवणावरून अर्धपोटी उठले.

शनिवारी कागद आला. अलकाच्या नावापुढे उत्तर होतं पाच हजार पन्नास. अगदी बरोबर. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. अलकाने नाही वाजवल्या. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली.

"सर, त्याले कसं समजलं का मी ओळ विसरली?"

पाहतो, सर म्हणाले. घरी जाऊन त्यांनी पाटी घेतली आणि अलकाने लिहिलं तसं, एक अक्षर इकडेतिकडे न करता, स्वतः यंत्र होऊन सोडवायला बसले. पहिली ओळ, एक झाड. पुन्हा पहिली ओळ, पुन्हा एक झाड. हे जन्मभर संपणार नव्हतं. मग त्यांनी परत आलेल्या प्रोग्रामांचा वर्षभराचा गठ्ठा सोडला. कुठे बेरीज उलटी, कुठे थांबायची खूणच नाही, कुठे चुकीच्या ओळीवर उडी. आणि उत्तरं सगळीच्या सगळी बरोबर. इतक्या चुका आपल्या नाकाखालून गेल्या याची सरांना आधी लाज वाटली. मग लाजेच्या जागी संताप आला.

रजा टाकून ते नागपूरला गेले. कचेरीत वसंतचं नाव सांगितलं तेव्हा चपराशाने काचेच्या खोलीकडे नाही, तळमजल्याच्या टोकाला, टपाल विभागाकडे बोट दाखवलं. वसंत तिथे टाइपरायटरसमोर बसला होता. त्यात तोच हिरव्या पट्ट्यांचा कागद, कॉम्प्युटरच्या रद्दीतला. टेबलाखाली रामाकोन्याची करंडी, अर्धी संपलेली. मित्राला पाहून तो हसत उठला आणि चहा सांगायला निघाला. सरांनी अलकाचा कागद टाइपरायटरवर ठेवला आणि हे कोणी सोडवलं असं विचारलं.

वसंतने लपवाछपवी केली नाही, एवढं म्हटलं पाहिजे. त्याला काचेच्या खोलीत पाऊल टाकायचीही परवानगी नव्हती. पहिलं पाकीट आलं तेव्हा तो तिथल्या ऑपरेटरकडे गेला होता, त्याने हाकलून दिलं. "तू जिंदगीत पहिल्यांदा काही मागितलं बे," वसंत म्हणाला. "मले नाही म्हणवलं नाही." म्हणून तो गणितं स्वतः सोडवायचा आणि टाइप करायचा. जिथे पोरींचं चुकलेलं असेल तिथे सांभाळून घ्यायचा, कशाला त्यांना नाराज करायचं.

"चूक सापडावी म्हणूनच तर पाठवत होतो मी," सर म्हणाले.

"पण उत्तरं तर बरोबरच होती ना?"

या एका प्रश्नाने सरांचं मन वसंतवरून कायमचं उडालं. वसंतला शरम वाटली असती तर त्यांनी कदाचित गिळूनही टाकलं असतं. पण आपण काय केलं हेच त्याला कळलं नव्हतं. लहानपणापासूनच्या मित्राने केसाने गळा कापला होता, तोही मायेने. सरांनी करंडी उचलली आणि चहा न घेता ते निघाले.

बसमध्ये करंडी मांडीवर घेऊन बसल्यावर त्यांना गप्प राहण्याचा मोह झाला, खोटं कशाला सांगा. बारावी झाली की अलकाचा नागपूरच्या डिप्लोमाचा अर्ज जायचा होता. भैय्याजींचा विश्वास मशीनवर होता, मशीन नव्हतंच हे कळलं तर पाहुण्यांना पुन्हा बोलावणं जायला कितीसा वेळ लागणार? आणि गप्प राहिलं तर अलका नागपूरला जाणार होती, आपल्याला सगळं येतं असं समजून. वसंतनेही हाच हिशेब केला असेल, हे ध्यानात आल्यावर सरांना स्वतःचीच किळस आली.

शनिवारी त्यांनी करंडी वर्गात टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. कॉम्प्युटर नव्हताच, कधीच नव्हता. एका मुलीने पुस्तकातली भोकांची पट्टी काढली, थोडा वेळ पाहिली आणि बाकाखाली टाकली. अलका करंडीकडे पाहत होती. गोणपाटाचे टाके तिच्या आईचे होते.

"म्हणजे सर, वर्षभर माही एकही चूक कोणी पकडली नाही?"

"नाही."

"तुमीबी नाही?"

"मीही नाही," सर म्हणाले. मग घाईघाईने म्हणाले की भैय्याजींना आपणच समजावून सांगू, आजच रामाकोन्याला येऊ.

"नका येऊ," अलका म्हणाली. "तुमचं ऐकूनच तर बाबायनं मशीनवर विश्वास ठेवला. मीच सांगते."

आजपासून प्रत्येक ओळ मी स्वतः तपासणार आहे, असं म्हणत सरांनी त्या आठवड्याचे प्रोग्राम मागितले. मुलींनी एकेक करून कागद पुढे केले. सर अलकाच्या बाकापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. तिचा कागद समोरच होता. तिने त्याची घडी घातली आणि तो दप्तरात ठेवला.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "चुकलं तर चुकलं. माहं मीच पाहते."

तेवढ्यात घंटा झाली. अलकाने टेबलावरची करंडी उचलून काखेत धरली आणि ती रामाकोन्याच्या बसकडे निघून गेली. सर मात्र हात पुढे केलेलाच ठेवून तिच्या रिकाम्या बाकापाशी उभे राहिले.