दुकानाच्या फोनवरचं बोलणं

पडदे शिवून घेणाऱ्या माणसांइतकी खोटारडी जमात मी पाहिलेली नाही. खिडकीचं माप स्वतःच घेणार, फोनवर स्वतःच सांगणार, आणि पडदा आखूड झाला की 'असं मी म्हटलंच नव्हतं' म्हणत माझ्याच अंगावर येणार. एका बाईने तर जमिनीपासून वीतभर वर लोंबणारा पडदा आणून माझ्या टेबलावर आपटला. कापड तिच्या पसंतीचं, माप तिच्या तोंडचं आणि चोर मी! त्या दिवशीच मी दुकानाच्या फोनवरचा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय करून घेतली. फोन उचलला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बोला, फोन रेकॉर्ड होतोय, माप सावकाश सांगा." पुढे भांडण निघालंच तर मी रेकॉर्डिंग लावते आणि माप सापडलं की बंद करते. त्यानंतर गिऱ्हाईक आपल्या सासूबद्दल काय बोललं ते ऐकत बसायला मला वेळ नाही.

माझी धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून लेकीसह माझ्याकडे आली, तेव्हापासून पडद्यांना चुण्या घालायचं काम तीच करते. हात चांगला आहे तिचा, पण तोंडात शब्द नाही. नवऱ्यापुढे नव्हता, माझ्यापुढेही नाही, म्हणून तिच्या वाटचंही मीच बोलते. तिच्या लेकीला मी भिंगरी म्हणते, कारण ती एका जागी ठरत नाही. मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, आणि त्याचं मला काडीचं दुःख नव्हतं. पण ही पोर कापडाच्या चिंध्यांत बसून बाहुलीच्या घराला पडदे शिवायला लागली आणि मी पार कामातून गेले. तिची वेणी, तिचा डबा, तिचा अभ्यास, सगळं मी माझ्याकडे घेतलं. धाकटी काही म्हणाली नाही. ती कधी काही म्हणतच नाही.

आणि मग आमच्या जावईबापूंनी कोर्टात अर्ज टाकला की मुलगी माझी आहे, ती माझ्याकडेच राहायला हवी. ज्या माणसाला तिची इयत्ता सांगता आली नसती, त्याचा हा अर्ज! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वकील गाठला, धाकटीला समोर बसवलं आणि आमच्या बाजूच्या अर्जावर तिची सही घेतली.

धाकटी त्याचे फोन घेत नव्हती, म्हणून एका दुपारी त्याने दुकानाच्या फोनवर फोन केला. मी सवयीने म्हटलं, "बोला, फोन रेकॉर्ड होतोय, माप सावकाश सांगा." तो तिरसटासारखा म्हणाला, "करा, करा रेकॉर्ड. तिला द्या." मी फोन धाकटीच्या हातात ठेवला. ती तो घेऊन मागच्या खोलीत, कापडाचे तागे ठेवतो तिथे गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा चेहरा लालबुंद होता. काय म्हणाला विचारलं, तर म्हणे काही नाही.

काही नाही म्हटलं की मला चैन पडत नाही. ती घरी गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला नुसतीच चिडचिड, तू असं केलंस, तुम्ही तसं केलंत. मग स्वच्छ आवाजात जावईबापू बोलले, "मला काय करायचीय पोरगी? मी ती मागितली की तू झक मारत परत येशील, एवढंच." मी टाळीच वाजवली. सापडलं! मी फोन बंद केला आणि भिंगरीसाठी तिच्या आवडीची बिस्किटं घेऊन घरी गेले.

धाकटीला सांगितलं तर ती पांढरीफटक पडली.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं. आता बघ कसा नाक घासतो तो."

"मला न विचारता माझं बोलणं टेप केलंस? तो गुन्हा आहे, ताई. पुसून टाक."

"रोज त्या फोनच्या शेजारी बसून चुण्या घालतेस. रेकॉर्ड होतो हे तुला माहीत नव्हतं?"

"ते गिऱ्हाइकांसाठी असतं! मी काय गिऱ्हाईक आहे? माझ्या नवऱ्याशी मी काय बोलते, ते तुला कशाला हवं?"

"नवरा! अजून पुळका आहे का त्याचा?"

"पुसून टाक म्हणते ना मी! तुझ्या पाया पडते."

"घाबरट आहेस तू," मी म्हटलं. "तुझ्या या घाबरटपणानेच पोर जाईल हातची." त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर मी कानाखाली वाजवली असती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून आम्ही एकाच पडद्याला दोन बाजूंनी टाके घालत होतो, आणि कात्री हवी असेल तरी ती भिंगरीकडून मागवायची.

वकिलांकडे मी एकटीच गेले. हवा तेवढा भाग त्यांना ऐकवला. ते खूश झाले, पण लगेच कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला जरी माहीत असेल की रेकॉर्ड होतंय, तर आपल्याकडे चालतं. पण दोघांनाही पत्ता नसताना तिसऱ्याने टेप केलं, तर तुम्हीच आरोपी. आणि इथे तिसऱ्या तुम्ही."

मी त्यांना सुरुवात ऐकवली. 'करा, करा रेकॉर्ड' ऐकून ते खुर्चीतच हसत सुटले. "अहो, हा तर स्वतःच्या तोंडाने परवानगी देतोय! आता एकच सांगतो. यातला एक तुकडाही कापायचा नाही. कापलं की संपलं, बनावट म्हणतील. जसंच्या तसं द्यायचं. पूर्ण ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," मी म्हटलं. ऐकण्यासारखं होतं ते ऐकलंच होतं की. त्यांच्या दारात माणसं खोळंबली होती, त्यांनी पुढचं विचारलं नाही.

कोर्टाची खोली आमच्या दुकानाएवढीच होती, खिडक्यांना पडदे मात्र भिकार. आम्ही एका बाजूला, जावईबापू दुसऱ्या बाजूला, आणि मागच्या बाकावर त्यांची आई, भिंगरीची आजी. ती मुलापासून वेगळी राहते, हातात काठी, तोंडाने सतत पुटपुटते. मला ती कधीच आवडली नाही.

रेकॉर्डिंगचा विषय निघताच त्यांचा वकील ताडकन उठला. कोवळा होता, पण तोंड तिखट. "माझ्या अशिलाच्या संमतीशिवाय, चोरून टेप केलेलं हे खासगी बोलणं आहे. हे ऐकूच नये. उलट त्या बाईंवर गुन्हा दाखल करा." त्या बाई म्हणजे मी. मी जागेवरूनच म्हटलं, "चोरून? सुरुवात लावा, मग कळेल चोर कोण." न्यायाधीशबाईंनी मला गप्प केलं, पण सुरुवात लावायला सांगितली. माझा आवाज खोलीभर घुमला, 'माप सावकाश सांगा', आणि बाकांवरची माणसं खुदखुदली. मागोमाग त्याचं 'करा, करा रेकॉर्ड'.

"संमती दिलेली दिसते," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पुरावा म्हणून ऐकायला हरकत नाही."

मी विजयाने त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या वकिलाच्या कानाशी लागला होता आणि हसत होता. हसत का असावा ते मला कळेना. शेजारी धाकटीने माझं मनगट धरलं. "ताई, अजून बंद करायला सांग," ती पुटपुटली. मी हात झटकला.

त्यांचा वकील पुन्हा उठला, या वेळी अगदी गोड आवाजात. "आमची हरकत आम्ही मागे घेतो. फक्त विनंती एवढीच, की पूर्ण ऐकावं. शेवटपर्यंत."

आमच्या वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ऐका की.

चिडचिड झाली. 'मला काय करायचीय पोरगी' झालं. न्यायाधीशबाईंनी टिपून घेतलं. मी उठायच्याच बेतात होते, एवढ्यात धाकटीचा आवाज आला. इतका मोठा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं.

"मग घेऊन जा ना! आत्ता या आणि घेऊन जा! मला तरी कुठे हवीय? ताईला हवीय. ताईने दामटून सही घेतली माझी. कोर्टाने दिली तरी ती तिलाच मिळणार, मी आपली चुण्याच घालत बसणार. न्या तिला, मी तरी मोकळी होते."

त्यानंतर टेपवर तिच्याच रडण्याचा आवाज, आणि कॉल संपला.

"हा आवाज तुमचाच?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"माझाच," धाकटी उभी राहून म्हणाली. "मी म्हणाले ते खरं. चिडून म्हणाले, तेही खरं."

"मला हवी आहे ती!" मी ओरडले. कधी उभी राहिले ते मलाही कळलं नाही.

"तुम्ही कोण?"

"मावशी."

"मावशीचा अर्ज माझ्यापुढे नाही, आणि सही कशी घेतलीत तेही आत्ताच ऐकलं. बसा खाली." मग त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत म्हणाल्या, "मुलगी नको, असं आई आणि वडील दोघांच्याही तोंडून ऐकलं मी. पुढच्या तारखेपर्यंत तिला सांभाळेल असं घरात कोणी आहे का?"

मागे काठी आपटली. "मी आहे," आजी म्हणाली. "मला हवी आहे." ती मुलापासून वेगळी राहते याची खात्री करून न्यायाधीशबाईंनी पुढच्या तारखेपर्यंत भिंगरीला तिच्या ताब्यात दिलं.

बाहेर जिन्यात जावईबापू माझ्या शेजारून गेले. "काय ताई, माप बरोबर निघालं ना?" मी तो राग धाकटीवर काढला. "पोटच्या पोरीला नको म्हणालीस? लाज नाही वाटली?"

ती थांबली. जिन्यात लोक होते, तिला पर्वा नव्हती. "वाटली. तेव्हाच वाटली, म्हणून तर पुसून टाक म्हणत होते. चिडलं की माणूस काय वाट्टेल ते बोलतं, ताई. तू तर दिवसभर बोलतेस. तुझं कुणी टेप करून कोर्टात लावलं नाही, एवढाच फरक."

"मला सांगायचंस ना!"

"कधी? तू गप्प कधी होतेस? तिची वेणी मी शेवटची कधी घातली, आठवतं तुला? परवा ती झोपेत तुला आई म्हणाली. तू 'अगं मावशी' म्हणून दुरुस्तसुद्धा केलं नाहीस. मी जागी होते."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळी आजी रिक्षा घेऊन दारात आली. भिंगरीची पिशवी आम्ही दोघींनी भरली, एकमेकींकडे न बघता. फ्रॉक मी घड्या घालून ठेवले, ते धाकटीने काढून पुन्हा आपल्या पद्धतीने ठेवले. भिंगरी आज भिरभिरत नव्हती. ती स्टुलावर बसली होती, मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधत होते.

"मी काही केलं का?" तिने विचारलं.

"नाही गं," धाकटी तिच्यासमोर बसत म्हणाली. "मी चिडले होते, म्हणून असं झालं. थोडेच दिवस."

"माझ्यावर चिडलीस?"

"तुझ्यावर नाही."

"मग कुणावर?"

खोटं बोलता आलं असतं धाकटीला. मला वाटलं, बोलेल. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशीवर."

भिंगरीने माझ्या डोक्यावरून दाराकडे, रिक्षाकडे पाहिलं. मग माझ्या हातातून पाय ओढून घेतला.

"मग मावशीला पाठव ना तिकडे," ती म्हणाली. "मला का?"

एका बुटाची नाडी तशीच सुटी होती. ती तिच्या आईने बांधली.