तिसरा बिंदू

दिवसभरात चौथ्या तुकडीला तेच शिकवून बाईंचा घसा बसला होता. दोन बिंदू दिले की आधी चढ काढा, मग त्यातला एक बिंदू घालून रेषेचं समीकरण. पण पालथ्या घड्यावर पाणी. घरी येऊन त्यांनी चप्पल काढली आणि आजारी वडिलांना, आप्पांना, वजनकाट्यावर उभं केलं. काटा बावन्नवर थांबला.

आजाराच्या दुसऱ्या महिन्यात त्यांचं वजन अठ्ठावन्न होतं, आता पाचव्यात बावन्न. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाळीसच्या खाली गेले तर औषध सोसणार नाही, बंद करावं लागेल. नंतर काय, ते बाईंनी विचारलं नव्हतं.

जित्याची खोड. त्यांनी पाठकोरा कागद ओढला. तीन महिन्यांत सहा किलो कमी, म्हणजे चढ उणे दोन. घसरगुंडीलाही चढच म्हणायचं, धन्य ते गणित. दोन आणि अठ्ठावन्न घातल्यावर समीकरण आलं: वाय बरोबर उणे दोन एक्स अधिक बासष्ट. वायच्या जागी चाळीस ठेवले, एक्स अकरा निघाला. अकरावा महिना. आपलं उत्तर चुकलेलं असावं, असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. दुसरा बिंदू घालून त्यांनी पडताळा घेतला. चुकलं नव्हतं.

आप्पाही जन्मभर गणिताचेच मास्तर. ते मागून वाचत होते.

"दोन बिंदूंतून रेषा निघणारच गं," ते म्हणाले. "तिसरा तिच्यावर पडला, तर खरी."

मग बाई दूध-अंडी घेऊन हात धुऊन त्यांच्या मागे लागल्या. आप्पा दोन घास खात आणि ताट सरकवत. रोज तीच झटापट, आणि रोज दोघंही थकून जात.

आठव्या महिन्यात रेषेप्रमाणे सेहेचाळीस यायला हवे होते. त्या दिवशी आप्पा आपणहून काट्यावर चढले, भर उकाड्यात जाड कोट घालून. काटा एकोणपन्नासवर गेला. कोटाचे खिसे फुगले होते. एकातून दाराचं कुलूप डोकावत होतं. बाईंनी खिसे रिकामे करायला सांगितलं.

"राहू दे, माझे आई," आप्पा हळूच म्हणाले. "आजच्या दिवस चुकू दे."

पडताळा घेतला नाही म्हणून दोघांनी किती पोरांचे मार्क कापले असतील. बाईंना रडू आलं, ते त्यांनी आवरलंही नाही. कागदावर एकोणपन्नास लिहिलं.

"रेषेवर नाही पडला, आप्पा," त्या म्हणाल्या.

त्यांना खाली उतरवायला बाईंनी काखेत हात घातला, तर सगळा भार कोटाचाच लागला.