मुबारकचं रक्त कुणाचं

पहिली गोळी लागली तेव्हा मुबारकच्या हातांना खळ होती. बसऱ्याजवळच्या झुबैर गावच्या बाजारात भिंतीवर तो स्वतःच्याच निवडणुकीचा कागद चिकटवत होता आणि बहीण नश्मिया खाली शिडी धरून उभी होती. दुसरी गोळी मानेत शिरली. भर दुपारी, शे-दीडशे माणसांदेखत, तो तिच्या अंगावर कोसळला.

"गुलामांना खुर्ची पाहिजे काय? घ्या!" मोटरसायकलवरचा माणूस ओरडला आणि पडलेल्या देहात तिसरी गोळी घालून निघून गेला. तोंडावरचं फडकं घसरलं होतं. नश्मियानं ओळखलं. गजवान. लग्नात ढोल वाजवणं हा तिचा धंदा. याच्याही लग्नात तिनं दोन दिवस वाजवला होता.

मुबारकचं मागणं दोनच होतं. बसऱ्याच्या काळ्या लोकांना प्रांताच्या परिषदेत राखीव जागा द्या. आणि ज्यांचे आजे-पणजे विकले गेले त्यांची सरकारनं माफी मागून भरपाई करावी.

नश्मियानं नाव सांगूनही पोलिसांनी लिहिलं, 'मारेकरी अज्ञात.'

तिसऱ्या दिवशी सुतकाच्या मांडवात कबिल्याचा प्रमुख शेख धारी वीस माणसं घेऊन आला. गजवान त्याचा पुतण्या. तोही मागे उभा, कमरेला पिस्तूल. नश्मियाच्या याकूतकाकांनी कॉफी पुढे केली. शेखनं पेला जमिनीवर ठेवला. रिवाजाप्रमाणे यजमानानं मागणं मान्य करून 'प्या' म्हटल्याशिवाय तो घोट घेणार नव्हता.

"याकूत, तुझा आजा आमच्या घरात वाढला. आमच्याच कबिल्याचं नाव तुम्ही लावता. म्हणजे मेला तो आमचा, मारणाराही आमचाच. घरातली गोष्ट. वडीलधारा म्हणून मी मुबारकचं रक्त माफ केलं. तू फक्त 'प्या' म्हण."

याकूतकाकांनी मान खाली घातली. जन्मभर तेच केलं होतं. त्यांचे ओठ हलले, तोच बायकांकडचा पडदा ओढून नश्मिया थेट पुरुषांत आली.

"काका, तोंड उघडाल तर माझं मढं बघाल!" ती शेखकडे वळली. "वाढला म्हणू नका, शेख. विकत आणला होता. त्याच्या पणतवाचं रक्तसुद्धा तुमच्याच मालकीचं होय? भाऊ माझा होता. माफी द्यायची की नाही, ते मी सांगणार." तिनं पेला लाथेनं उडवला.

"ढोलवाली, फार वाजायला लागलीस!" गजवाननं पिस्तुलाचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. ती खाली आदळताच त्यानं तिच्या उजव्या हातावर टाच ठेवली आणि गरकन फिरवली. हाडं मोडल्याचा आवाज साऱ्या मांडवानं ऐकला.

याकूतकाकांनी निखाऱ्यावरचं उकळतं भांडं उचललं आणि गजवानच्या तोंडावर रिकामं केलं.

मग कुणी कुणाचं राहिलं नाही. शेखच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. मुबारकचा दोस्त सादून पोट धरून बसला तो उठलाच नाही. काकांच्या खांद्यात गोळी घुसली. पोरांनी मांडवाच्या खुंट्या उपटल्या; कापड आगीत पडून पेटलं. धुरात शेख आणि त्याची माणसं गाड्यांकडे पळाली. भाजलेला गजवान मागे राहिला. त्याला ओढून काढून सगळे त्याच्यावर तुटून पडले. गुडघा फुटला, जबडा लोंबला.

नश्मिया बघत होती. मारा, आणखी मारा, असं तिला आतून वाटत होतं. तरी ती सरपटत पुढे गेली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली. एक खुंटी तिच्या पाठीत बसली.

"पुरे!" ती रक्त थुंकत म्हणाली. "मेला तर शेख म्हणेल, फिटंफाट झाली. मला हा कोर्टात पाहिजे. जिवंत."

मांडवाच्या दोरानं बांधून त्याला चौकीवर नेलं. मागून दोनशे माणसं चालत होती. "हा तुमचा अज्ञात," ती फौजदाराला म्हणाली. "नाव लिहून घ्या."

गजवानला पंधरा वर्षांची सजा झाली. सादूनला कुणी मारलं, ते मात्र सिद्ध झालंच नाही. मुबारकच्या जागी नश्मिया उभी राहिली आणि सपाटून हरली. राखीव जागेचा अर्ज परिषदेनं पुढच्या बैठकीवर ढकलला. त्याच आठवड्यात घरावर गोळीबार झाला. तिनं गाद्या मागच्या खोलीत नेल्या, दोन्ही मागण्या छापलेले भावाचे उरलेले कागद काढले आणि काकांना म्हणाली, "माझ्या हातात ब्रश राहत नाही. तुम्ही खळ लावा, मी चिकटवते."