रुमालाखालची थाळी

कल्पना करा, मुलांनो, तुमच्या चिमटीत एक दोरा आहे. दोऱ्याच्या टोकाला काचेचा जड मणी. मण्याखाली गोल थाळी, आणि थाळीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. पांढरी म्हणजे ‘हो’, काळी म्हणजे ‘नाही’. तुम्ही प्रश्न विचारता, हात मुळीच हलवत नाही, तरीही मणी हळूहळू एका रेघेवर झोके घेऊ लागतो. अंगावर काटा येईल की नाही?

प्रार्थनेच्या त्या लांबट खोलीत सगळ्यांच्याच अंगावर यायचा. खुर्च्या पुरत नसत. लोक जिन्यात उभे राहून माना उंचावत. दोरा धरायची एक शाळकरी मुलगी. अंगाने किरकोळ, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत.

“हात बघा, हात! हलतोय का?” प्रार्थना चालवणारे थोरले गरजत. “दोऱ्याला जीभ नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही! दोऱ्याला पोट नाही, म्हणून त्याला लोभ नाही!”

थोरल्यांना दोन्ही होतं, आणि भरपूर होतं. उत्तर बरोबर निघालं तर देवाची कृपा, चुकलं तर विचारणाऱ्याच्या मनात शंका. म्हणजे दोरा कधी नापास व्हायचाच नाही.

मुंगी याच खोलीत रांगायला शिकली होती. आणि ती लबाडी करत नव्हती, हे आधी सांगून ठेवतो. आईने धुलाई केंद्रातली नोकरी सोडावी का, असं बाबांनी दोऱ्याला विचारलं होतं, तेव्हा मणी पांढऱ्या रेघेवर झुलला होता. आई घरी बसली. मुंगीला ती घरी हवीच होती.

आता प्रश्न होता मुंगीच्या भावाचा, धाकट्याचा. त्याला दमा. बाबा गाद्या भरायच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या शर्टाला चिकटून कापूस घरी येई आणि धाकट्याची छाती शिट्टीसारखी वाजू लागे. मग तो खिशातला पंप तोंडाला लावून औषध ओढी. थोरले म्हणाले होते, “पंपावर विश्वास आहे की देवावर? पुढच्या प्रार्थनेला दोऱ्यालाच विचारू, पोरगा बरा झालाय का. झाला असेल तर पंप बंद.”

“विचारू,” बाबा म्हणाले. आईला कोणी विचारलंच नाही.

त्या दिवसांत धाकट्याला खेळ सुचला. त्याने दोन कप उपडे घातले, एकाखाली गोटी लपवली. “ताई, विचार तुझ्या दोऱ्याला, गोटी कुठेय?”

मणी डाव्या कपाकडे झुलला. गोटी उजव्याखाली. पुन्हा चूक. मग एकदा बरोबर, मग परत चूक.

“तुझा देव गोट्या खेळत नाही वाटतं,” तो खिदळला. मग त्याने तिच्यासमोरच गोटी ठेवली. आता मात्र मणी अचूक तिकडेच गेला. दर वेळी.

मुंगीने दोरा खाली ठेवला. तिला माहीत असलं तरच दोऱ्याला माहीत असतं? मग आईची नोकरी? तिचं कशात लक्ष लागेना. धाकटा बरा झालेला असावा, असं तिला मनापासून हवं होतं. उद्या मणी तेच बोलला तर?

प्रार्थनेच्या दिवशी टेबलावर थाळीशेजारी पंप ठेवला होता. मुंगी म्हणाली, “आधी एक सोपा प्रश्न विचारते. थाळी रुमालाने झाका. मी पाठ करते. बाबा, तुम्हाला वाटलं तर थाळी फिरवा, नाहीतर राहू द्या.”

“झाका, झाका!” थोरले हसले. “दोऱ्याला सगळं दिसतं.”

“मी नाही हात लावणार थाळीला,” बाबांचा आवाज तिने पाठमोरी असतानाच ऐकला. तेवढ्यात धाकट्याने ओठांवर बोट ठेवून, रुमालाखालून थाळी हळूच फिरवली. पांढरीच्या जागी काळी आली. लोक गालातल्या गालात हसत होते.

मुंगी वळली. दोरा धरला. “माझा भाऊ या खोलीत आहे का?”

मणी पूर्वीच्याच दिशेने ऐटीत झुलू लागला. बाबांनी रुमाल ओढला. खाली काळी रेघ. नाही!

“मग मी कोण, भूत?” धाकटा ओरडला. सगळी खोली हसली.

थोरले तांबडे झाले. “थाळी फिरवली, म्हणून दोरा गोंधळला!”

“त्याला सगळं दिसतं म्हणालात ना?” बाबा सावकाश म्हणाले.

“ताईला दिसलं नाही, म्हणून दोऱ्यालाही दिसलं नाही,” धाकटा म्हणाला.

मुलांनो, एवढंच आहे ते. आपण ज्या दिशेचा विचार करतो, त्या दिशेला बोटं इतकी बारीक हलतात, की आपल्यालाही कळत नाही. लांब दोरा ती हालचाल मोठी करून दाखवतो. घरी करून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आणि कोणी म्हणालं की शंका घेतलीस म्हणून चुकलं, तर तिथेच जास्त शंका घ्या.

मुंगीने टेबलावरचा पंप उचलून धाकट्याच्या खिशात घातला. बाबांनी तिला अडवलं नाही.

परतताना तिने विचारलं, “बाबा, दोरा मीच हलवत होते, तर बाकीचं? प्रार्थना कोण ऐकतं?”

“मला माहीत नाही,” बाबा म्हणाले. असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते.

घरी जेवणाआधी रोजच्यासारखे सगळे हात जोडून बसले, डोळे मिटले. मुंगीनेही हात जोडले. डोळे मात्र उघडेच ठेवले, आणि सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघितले. मग आईच्या कानाशी वाकून म्हणाली, “आई, तुला नोकरी सोडायची होती का गं?”