सव्वीस सिद्धेश्वरी आणि एक कोरा फळा

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. भिंतीवरचा नव्हे हं! तो बिचारा जन्मभर एकाच खिळ्याला लटकतो. मी कापडी, काखोटीला मारून नेण्यासारखा. सध्या जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर माझा मुक्काम असतो. पण मी दोन समुद्र ओलांडलेले आहेत. खरं तर एकच असेल, पण सांगताना दोन बरे वाटतात.

नवी पेठेमागच्या बोळात बसलिंगप्पा पेंटरने मला घडवलं. जाड मांजरपाट ताणून त्याने काळ्या रंगाचे चार हात दिले, रंगात कोळशाची वस्त्रगाळ पूड कालवली, दोन्ही टोकांना काठ्या ठोकल्या. "ताई, तुमची इंग्रजी संपंल, पर ह्यो फळा संपायचा न्हाय," तो म्हणाला.

ताई म्हणजे सिद्धेश्वरी बिराजदार, शाळेत इंग्रजी शिकवणारी. अक्षर इतकं सुरेख की खडूलाही झिजताना वाईट वाटत नसे. माझ्यावर बोटभर जागा कोरी सोडणं तिला पाप वाटायचं. तारीख, विषय, शब्द, अर्थ, वाक्यं! मी गच्च भरलो की मला पोटभर जेवल्यासारखं वाटे. मुलं सगळं एका सुरात वाचत. "समजलं का?" "होऽऽ!" की तास संपला.

मग तिला व्हिएतनाममधल्या एका शाळेतून बोलावणं आलं. तिची आई काशम्मा पदर खोचून उभी राहिली.

"हितल्या पोरास्नी इंग्रजी येईना, आन् तू तितं शिकवाय निघालीस व्हय गं?"

"अव्वा, तीन महिने बघणार. चांगलं शिकवलं तर दोन वर्षं ठेवून घेतील."

"आन् न्हाय ठेवलं तर?"

सिद्धेश्वरी माझी गुंडाळी सुतळीने बांधत राहिली. इथल्या शाळेने तिच्या जागी दुसऱ्या बाई घेतल्याही होत्या. परतायला घर होतं, वर्ग नव्हता.

विमानतळावर माझी गुंडाळी पोलिसांना तोफेसारखी वाटली. चौघांनी मिळून मला उलगडलं. माझ्यावर आदल्या दिवशीचा धडा तसाच होता. खोटं वाटेल तुम्हाला, पण त्यांतला एक जण तिथल्या तिथे तीन क्रियापदं शिकून गेला.

गाव नदीकाठचं, वर्गात सव्वीस मुलं. पहिल्याच दिवशी सिद्धेश्वरीने माझ्या माथ्यावर लिहिलं, 'माय नेम इज सिद्धेश्वरी. आय लिव्ह इन सोलापूर.' मुलं तिच्या मागोमाग म्हणाली. रोज म्हणू लागली. पंधरा दिवसांत वर्ग असा दणाणला की नदीतल्या होड्या काठापासून चार हात लांबून जाऊ लागल्या. बाई खूश, मी फुगलेला.

दोन महिने झाले आणि शाळेच्या मुख्य, हान बाई, तपासणीला आल्या. दोन वेण्यांच्या लानकडे बोट दाखवून त्यांनी इंग्रजीत नाव विचारलं. लान ताडकन उठली, माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत म्हणाली, "माय नेम इज सिद्धेश्वरी! आय लिव्ह इन सोलापूर!"

हान बाईंनी दुसऱ्याला विचारलं. तोही सिद्धेश्वरी. तिसराही सोलापूरचाच. चौथ्याने तर खांद्यावर नसलेली ओढणी सुद्धा सारखी केली.

हान बाई हसल्या नाहीत. वही मिटत म्हणाल्या, "मुलं तुमचंच बोलतायत. स्वतःचं कुणीच बोललं नाही. पुढच्या शुक्रवारी येते. तेव्हाही असंच झालं तर शनिवारी तुमचं विमान."

त्या आठवड्यात सिद्धेश्वरीने माझ्यावर सव्वीस मुलांची सव्वीस वाक्यं लिहिली. मुलांनी ती सगळीच्या सगळी पाठ केली, एकमेकांची सुद्धा. गुरुवारी तिने घरी फोन लावला.

"अव्वा, जेवलीस का? जेवली असशीलच. ऐक ना, मुलं बोलतच नाहीत गं."

"तू बोलू देतीस का? आता बघ की. जेवलीस का म्हणून तूच इचारलंस, जेवली असशील म्हणून तूच सांगितलंस. मी जेवले न्हाय अजून!"

त्या रात्री सिद्धेश्वरीने दुसऱ्या दिवशीचा धडा माझ्यावर लिहिलाच नाही.

शुक्रवार उजाडला. हान बाई मागच्या बाकावर बसल्या. सिद्धेश्वरीने मला टांगलं, ओलं फडकं घेतलं आणि माथ्यावरच्या ओळीसकट मला लख्ख पुसलं. मित्रांनो, चारचौघांत अंगावरचे कपडे काढून घ्यावेत तसं झालं मला! खडू खाली ठेवून ती मुलांच्या बाकावर जाऊन बसली. "व्हॉट इज युवर नेम?" एवढं विचारलं आणि तोंड मिटलं.

मुलांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं.

कुणी बोलेना. पंखा तेवढा टकटक करत होता. हान बाईंनी घड्याळ पाहिलं. सिद्धेश्वरीचे ओठ उघडले, मिटले. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. अंगातून अक्षरं उगवता आली असती तर मी तेव्हा अख्खं पुस्तक उगवलं असतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. मला विचाराल तर तास गेला.

लान उठली. आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

"माय नेम... लान." ती अडखळली. "आय लिव्ह... नो सोलापूर. रिव्हर. माय फादर... बोट."

सगळं मोडकंतोडकं! सिद्धेश्वरी उठली, तिचा हात सवयीने खडूकडे गेला. माझं कापड ताठ झालं. नको, बाई! आत्ता दुरुस्त केलंस तर ही खाली बसेल, आणि हिच्याबरोबर बाकीचे पंचवीस.

हात हवेतच थांबला. खडू न उचलता तिने विचारलं, "बिग बोट?"

"नो! स्मॉल!" लानने हात फाकवले. "फिश बिग!"

"माय फादर बोट बिग!" मागून एक ओरडला. "नो! माय फादर बिग!" तिसरा उठला. आणि मित्रांनो, त्या वर्गात इंग्रजीतून असं कडाक्याचं भांडण जुंपलं की काय सांगू! सव्वीस होड्या, सव्वीस बाप, आणि सिद्धेश्वरी एकच.

निघताना हान बाई म्हणाल्या, "आज फळ्यावर काहीच दिसत नाही."

"नाही," सिद्धेश्वरी म्हणाली, आणि पुढे एक शब्द जोडला नाही. तिला दोन वर्षं ठेवून घेतलं.

आता माझा रंग उडालाय, एक कोपरा उंदराने चाखलाय. फळा ओला असताना गुंडाळू नका, तडे जातात. काठीला धरून उचला, कापडाला धरून नको. एवढं सांभाळलंत तर आम्ही खूप टिकतो. आणि कधीतरी आम्हाला कोरं टांगा. आमचं पोट रिकामं राहील, पण तेवढं सोसू आम्ही.

काल नव्या वर्गासाठी सिद्धेश्वरीने मला माळ्यावरून खाली काढलं. काशम्मा दाराशी बसली होती.

"अव्वा, जेवलीस का?" सिद्धेश्वरीने विचारलं. आणि मला काखेत धरून ती नुसतीच उभी राहिली.

काशम्माने वर बघितलं.

"न्हाय गं," ती म्हणाली. "बस की हितं. सांगते."